मुलीच्या कराटेसाठी अडीच लाख कुठून आणायचे? वाळव्याच्या एका वडिलांना उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. वाळवा तालुक्यातले एक शेतकरी वडील लिहितात: मुलगी 16 वर्षांची, अकरावीत. कुमिते (कराटेतली प्रत्यक्ष लढत) खेळते, ज्युनियर गटात, 53 किलोखाली. राज्य स्पर्धेत सुवर्ण मिळवलं, राष्ट्रीय स्पर्धेत दोन फेऱ्या जिंकून तिसरीत हरली. प्रशिक्षक म्हणतात, आता परदेशातली स्पर्धा खेळवायला हवी, खर्च अडीच लाख. घरी दोन एकर ऊस, सोसायटीचं पीककर्ज डोक्यावर. बायकोचे दागिने गहाण ठेवू, की लोकांकडे मागू? आणि मागायचं तर कुणाकडे?

दादा, मी मिरज भागात बरीच वर्षं कराटे शिकवते. माझ्याकडची बहुतेक मुलं तुमच्यासारख्याच घरांतली आहेत, त्यामुळे पैशाचा विषय मला तंत्राइतकाच जवळचा आहे. आधी एक सांगते: दागिने गहाण ठेवू नका. सोसायटीकडूनही या कामासाठी पैसा उचलू नका. असं का म्हणते ते पुढे येईलच.

अडीच लाख एकदा कसेबसे उभे राहतीलही. पण सहा महिन्यांनी दुसरी स्पर्धा येईल, मग शिबिर येईल, मग नवीन गी (कराटेचा पोशाख) लागेल. मुलीची ज्युनियरची आता दोनच वर्षं उरलीत, त्यानंतर 21 वर्षांखालचा गट आणि सीनियर. चांगल्या मुलीला अजून पाच-सहा वर्षं तरी खेळायचं असतं. म्हणजे घर न मोडता ती वर्षं तिचा खेळ चालू ठेवणं, हे तुमच्यापुढचं काम आहे. त्या मानाने अडीच लाख हा एका प्रवासाचा आकडा झाला. शिवाय कर्ज काढून पाठवलेली मुलगी तातामीवर (लढतीच्या गादीवर) उभी राहते तेव्हा तिच्या डोक्यात हप्ता असतो. मी हे मुलांच्या पायांत पाहिलंय. अंतर तोडायची हिंमत होत नाही, गुण जाईल या भीतीने मूल मागे मागे सरकतं.

आता स्पर्धा कोणती, हे तुम्ही लिहिलेलं नाही, आणि माझं निम्मं उत्तर त्यावर अवलंबून आहे. आपल्याकडे कराटेच्या संघटना अनेक आहेत आणि 'राष्ट्रीय' किंवा 'आंतरराष्ट्रीय' हा शब्द फलकावर लिहायला कुणालाच अडचण येत नाही. फी भरली की प्रवेश, आणि गटात चारच मुली असल्या की चौघींना पदक. त्यातला अनुभव खोटा नसतो, पण ते प्रमाणपत्र पुढे कुठलंही दार उघडत नाही. जागतिक पातळीवर ऑलिंपिक समितीची मान्यता वर्ल्ड कराटे फेडरेशनला आहे आणि तिच्याशी जोडलेली भारतातली संस्था म्हणजे कराटे इंडिया ऑर्गनायझेशन. या मान्यता बदलतात. 2020 मध्ये आधीच्या राष्ट्रीय संघटनेची मान्यता गेली तेव्हा खूप मुलांची वर्षं अधांतरी गेली. म्हणून पैसे भरण्याआधी दोन गोष्टी स्वतः पाहा: वर्ल्ड कराटे फेडरेशनच्या संकेतस्थळावर भारताची सदस्य संस्था कोणती दिसते, आणि मुलीची स्पर्धा त्यांच्या किंवा आशियाई महासंघाच्या वार्षिक वेळापत्रकात आहे का. नसेल, तर अडीच लाख सोडा, पंचवीस हजारसुद्धा घालवू नका.

दुसरी गोष्ट कडू आहे, पण तुम्हाला माहीत असायला हवी. कराटे ऑलिंपिकमध्ये फक्त एकदाच आलं, टोकियोला. 2024 च्या पॅरिसला ते नव्हतं आणि 2028 च्या लॉस एंजेलिसलाही नाही. याचा थेट परिणाम पैशावर होतो. केंद्राची 'टॉप्स' योजना ऑलिंपिक पदकाच्या उमेदवारांसाठी आहे आणि राज्याचं 'मिशन लक्ष्यवेध' निवडलेल्या 12 ऑलिंपिक खेळांसाठी. दोन्हींत कराटे बसत नाही. कुणी म्हणालं की "सरकारी योजनेत नाव घालून देतो, एवढे भरा", तर तिथून उठून या. आशियाई स्पर्धांमध्ये मात्र कराटे 1994 च्या हिरोशिमापासून आहे आणि 2026 च्या आयची-नागोयालाही आहे. भारतीय कराटेपटूसाठी आज सगळ्यांत मोठं मंच तेच. पुरस्कर्त्यासमोर बोलताना "ऑलिंपिक खेळणार" असं म्हणू नका. माहीतगार माणूस तिथेच फाइल मिटतो.

मग आधी स्वस्त शिडी पूर्ण चढा. मुलगी अकरावीत आहे, म्हणजे शालेय क्रीडा स्पर्धांच्या 19 वर्षांखालील गटात ती आज खेळू शकते: तालुका किंवा जिल्हा, मग विभाग, मग राज्य. राज्याच्या संघात निवड झाली की राष्ट्रीय शालेय स्पर्धेचा प्रवास आणि गणवेश शासनाकडून होतो. तुम्ही राज्य सुवर्ण म्हणता ते संघटनेच्या स्पर्धेतलं की शालेय, हे तपासा. दोन्ही वेगळे रस्ते आहेत आणि दोन्ही खेळावेत. कॉलेजच्या क्रीडाशिक्षकांना भेटून जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयातली यंदाची नोंदणीची तारीख विचारा, ती चुकली की वर्ष गेलं. सवलतीचे गुण आणि पुढे सरकारी नोकरीतलं 5 टक्के खेळाडू आरक्षण, या दोन्हींसाठी कोणता खेळ आणि कोणत्या स्पर्धेचं प्रमाणपत्र चालतं ते शासन निर्णयांतून ठरतं आणि ते निर्णय बदलत असतात. म्हणून चालू निर्णयाची प्रत त्याच कार्यालयातून घ्या, ऐकीव माहितीवर राहू नका. बारावीनंतर शिवाजी विद्यापीठाच्या एखाद्या कॉलेजात गेली, तर आंतरविद्यापीठ स्पर्धांमध्ये कराटे आहे. विद्यापीठाच्या संघात निवड झाली की प्रवासभत्ता विद्यापीठ देतं. ज्या स्पर्धेचा खर्च दुसरं कुणीतरी करतं, ती आधी.

हे सगळं बाजूला ठेवून परदेश आत्ताच का? प्रशिक्षकांना हा प्रश्न आदराने, पण स्पष्ट विचारा. माझं स्वतःचं मत असं: जी मुलगी राष्ट्रीय स्पर्धेत अजून उपांत्य फेरीला पोचलेली नाही, तिला युरोपला नेण्यापेक्षा देशातल्या चार चांगल्या मुलींबरोबर दोन शिबिरं करायला लावणं जास्त उपयोगाचं. तिथे तिला रोज वेगळ्या उंचीची, वेगळ्या लयीची प्रतिस्पर्धी मिळते. परदेशी स्पर्धेत पहिल्याच फेरीत हरली, तर रेपेशाजची, म्हणजे कांस्यपदकासाठी पुन्हा खेळायची, संधी तिला हरवणारी मुलगी अंतिम फेरीला गेली तरच. नाहीतर दोन मिनिटांच्या एका लढतीसाठी अडीच लाख जातात. मात्र तिची भारतीय संघात निवड झाली असेल, किंवा ती राष्ट्रीयला सातत्याने पदकाच्या आसपास असेल, तर उत्तर बदलतं. तेव्हा बाहेरचा अनुभव लागतोच आणि तो वेळेवर लागतो.

पाठवायचंच ठरलं, तरी अडीच लाखांपेक्षा स्वस्त पर्याय आहेत. ज्युनियर वयासाठी वर्ल्ड कराटे फेडरेशनची 'युथ लीग' असते आणि तिचा एक टप्पा अलीकडे फुजैराला, संयुक्त अरब अमिरातीत होतो. मुंबईहून दुबईची तिकिटं तीन महिने आधी काढली, तर आमच्या मुलांचा एकूण खर्च युरोपच्या निम्म्याच्या आत बसतो. तिथे आपली मराठी माणसंही पुष्कळ आहेत. गावातला कुणी शारजा-दुबईत कामाला असेल, तर जेवणाखाण्याची आणि विमानतळावरून ने-आण करण्याची सोय होते. राहण्याबाबत मात्र आयोजकांनी ठरवलेल्या हॉटेलची अट आहे का, ते आधी वाचा. युरोपसाठी शेंगेन व्हिसाची फी 90 युरो, नाकारला तरी परत मिळत नाही. वर 30 हजार युरोंचा प्रवास विमा सक्तीचा, आणि पालकांच्या बँक खात्याचा उतारा मागतात. उसाचं बिल वर्षातून दोनदा-तीनदा जमा होणाऱ्या खात्याचा उतारा त्यांना समजावून सांगावा लागतो. सोबत निवडपत्र, पुरस्कर्त्याचं पत्र आणि सात-बारा जोडलेला असला की काम सोपं होतं.

आता पैसा. आधी वहीत संपूर्ण वर्ष मांडा, फक्त ती सहल नको. वर्गाची फी, मान्यताप्राप्त गी (चांगली हवी तर 10 ते 15 हजार), लाल आणि निळे असे हातमोज्यांचे व पायांच्या संरक्षकांचे दोन संच, छातीचं संरक्षक, दातांचा गार्ड. राष्ट्रीय स्पर्धेचा रेल्वेप्रवास: दिल्लीला असेल तर मिरजेहून गोवा एक्स्प्रेसने जाता येतं, मुलगी आणि सोबत एक मोठं माणूस धरा. दोन शिबिरं. खुराक: अंडी, दूध, डाळ, फळं. आणि एक रक्कम, जी कुणीच लिहीत नाही: दुखापत. घोटा मुरगळला तर फिजिओथेरपीच्या दहा बैठका, गुडघ्याचा अस्थिबंध तुटला तर शस्त्रक्रिया. तुमच्या आरोग्य विम्यात खेळातल्या दुखापतीला वगळलंय का, ते एजंटला विचारू नका, पॉलिसीच्या कागदावर वाचा. परदेश धरला नाही, तर आमच्या भागात हे सगळं वर्षाला साधारण 80 हजार ते सव्वा लाखापर्यंत जातं. या आकड्याचे बारा भाग करा. घर दरमहा किती देऊ शकतं, सण-वार आणि आजारपण धरून, तेवढं तुमचं. उरलेलं मागायचं.

मागण्यात कमीपणा काही नाही. आपल्या कोल्हापूर-सांगलीच्या मातीत पैलवानाचा खुराक गावाने उचलायची रीत जुनी आहे. शाहू महाराजांनी कुस्तीला आश्रय दिला, खासबाग मैदान उभं केलं, आणि त्यानंतर गावोगावच्या जत्रांनी मल्ल जगवले. कराटेला ती परंपरा नाही एवढाच फरक. कुस्तीचा फड लोकांना दिसतो, कराटेतला यूको (एक गुण) लोकांना दिसत नाही. म्हणून तुम्हाला समजावून सांगावं लागेल. ग्रामपंचायतीसमोर किंवा जत्रेत मुलीचं पाच मिनिटांचं प्रात्यक्षिक ठेवा. फरशा फोडायचे खेळ नकोत. खरं कुमिते, दोन मुली, आणि बाजूला एकजण गुण कसे मिळतात ते सांगणारा. डोक्याला लागलेली लाथ तीन गुणांची, हे समजलं की माणसं पुढे सरकून बसतात. माझ्या मुलांना सगळ्यांत जास्त मदत अशाच संध्याकाळींनंतर मिळाली आहे.

कुणाकडे जायचं? जवळून लांब. आधी मामा, आत्या, काका यांना एकत्र बसवून वर्षभराचा कागद दाखवा. नातेवाईक "लागेल तेव्हा सांग" म्हणतात आणि लागतं तेव्हा अडचणीत असतात. त्यापेक्षा एकाने गी घ्यावी, एकाने रेल्वेचं तिकीट, एकाने सहा महिने अंडी-दूध. वस्तू ठरली की माणूस शब्द पाळतो. मग पतसंस्था आणि सहकारी बँक. नफ्यातून धर्मादाय कामासाठी काही रक्कम बाजूला काढायची पद्धत तिथे असते आणि वार्षिक सभा सप्टेंबरअखेरपर्यंत होतात. म्हणून अर्ज जून-जुलैत जायला हवा, दिवाळीत गेलात तर उशीर झाला. रोटरी आणि लायन्सचं वर्ष 1 जुलैला सुरू होतं. नवे अध्यक्ष जुलै-ऑगस्टमध्ये कामं शोधत असतात, मे महिन्यात त्यांची तिजोरी रिकामी असते. साखर कारखान्यात तुम्ही सभासद असाल, तर शेतकी गटाच्या ओळखीने संचालकांपर्यंत जा. अर्ज मात्र लेखी, आणि आवक नोंदीचा शिक्का घेऊनच परत या.

आमदार-खासदारांकडे जा, पण काय मागायचं ते समजून. त्यांचा स्थानिक विकास निधी कामांसाठी असतो, तो एका व्यक्तीच्या हातात देता येत नाही. ते त्यांच्या प्रतिष्ठानातून किंवा ओळखीच्या उद्योगातून मदत मिळवून देऊ शकतात, आणि त्यांचं शिफारसपत्र व्हिसाच्या फाइलला उपयोगी पडतं. क्रीडा संचालनालयाकडे आंतरराष्ट्रीय स्पर्धेतल्या सहभागासाठी अर्थसाहाय्याचा अर्ज करता येतो का, हे जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांना स्पर्धेच्या बऱ्याच आधी विचारा. केंद्राचा पंडित दीनदयाळ उपाध्याय खेळाडू कल्याण निधी हलाखीतल्या खेळाडूंसाठी आहे. त्याचे निकष कडक आहेत, म्हणून त्यावर प्रवासाची तारीख ठरवू नका. सरकारी पैसा बहुतेक वेळा उशिरा येतो. आला तर पुढच्या वर्षीचा धरा.

कंपन्यांच्या 'सीएसआर'बद्दल फार गैरसमज आहेत, म्हणून थोडं थांबते. कायद्यानुसार नफ्यातल्या मोठ्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या 2 टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. त्या यादीत ग्रामीण खेळ, राष्ट्रीय मान्यतेचे खेळ, पॅरालिंपिक आणि ऑलिंपिक खेळ यांचं प्रशिक्षण आहे. पण हा पैसा सहसा नोंदणीकृत संस्थेमार्फत जातो, जिच्याकडे 12ए आणि 80जी (संस्थेला आणि तिच्या देणगीदारांना करसवलत देणारी) नोंदणी आहे, तीन वर्षांचं काम आहे आणि जिने सीएसआर-1 हा नोंदणीचा अर्ज भरलेला आहे. तुमच्या मुलीच्या खात्यात तो थेट येणार नाही. शिवाय गीवर कंपनीचं नाव लावून जाहिरात करायची असेल, तर तो खर्च कंपनीला सीएसआरमध्ये दाखवता येत नाही, तो जाहिरातीच्या खात्यातून द्यावा लागतो. म्हणून मोठ्या कंपनीच्या मागे लागायचं असेल तर एकट्याने जाऊ नका. प्रशिक्षकांची संस्था नोंदणीकृत असेल, तर 'वाळवा तालुक्यातल्या वीस मुलींचं वर्षभराचं प्रशिक्षण' असा प्रस्ताव करा, त्यात तुमची एक. कुपवाड किंवा शिरोली एमआयडीसीतल्या छोट्या कारखानदाराला मात्र सीएसआर लागूच नसतो. त्याच्याकडे सरळ प्रायोजक म्हणून जा. तो निर्णय एका चहात घेतो.

ऑनलाइन वर्गणीचे मार्गही आहेत, मिलाप किंवा केट्टोसारखे. तिथे अनोळखी माणसं प्रामुख्याने आजारपणासाठी देतात. खेळासाठी पैसा आपल्याच ओळखीतून येतो, त्यामुळे तुमच्या व्हॉट्सअ‍ॅपवर जितकी देणारी माणसं आहेत, साधारण तितकीच रक्कम तिथे जमते. त्यांचं शुल्क वजा होतं तेही पाहा. करांचं एक लक्षात ठेवा: नातेवाईक सोडून इतरांकडून एका आर्थिक वर्षात मिळालेली भेट 50 हजारांवर गेली, तर फक्त वरची रक्कम नव्हे, सगळीच उत्पन्नात धरली जाते. तुमच्या उत्पन्नावर कर बसेल की नाही हा पुढचा प्रश्न, पण सीएला एकदा विचारा. गावात पावतीपुस्तक घेऊन जाहीर वर्गणी गोळा करायची असेल, तर गणेश मंडळांप्रमाणे धर्मादाय आयुक्त कार्यालयाची परवानगी लागते. संस्थेच्या नावाने धनादेश घेतलात तर हे सगळं सुटसुटीत होतं, आणि संस्थेला 80जी असेल तर देणाऱ्यालाही सवलत मिळते. 2 हजारांवरच्या रोख देणगीला ती सवलत नाही, म्हणून रोख टाळा.

अर्ज एक पानाचा. वर मुलीचा खेळतानाचा फोटो, पदकांच्या ढिगाऱ्यासमोरचा नको. मग स्पर्धांची नावं, प्रत्येकापुढे आयोजक संस्था आणि वर्ष. हरलेल्या लढतीही लिहा. "राष्ट्रीय स्पर्धेत तिसऱ्या फेरीत पराभव" हे वाचून माणसाला विश्वास वाटतो की बाकीचंही खरं असेल. त्याखाली वर्षाचा खर्च, घर किती घालणार, आजवर कुणी किती दिलं आणि यांच्याकडून नेमकं काय हवंय. "यथाशक्ती मदत करावी" असं लिहू नका. "दिल्लीच्या प्रवासासाठी 9 हजार रुपये" असं लिहा.

आणि पैसे मिळाल्यावर जे करायचं, ते मागण्याइतकंच महत्त्वाचं आहे. वेगळं बचत खातं उघडा, मुलीच्या नावाने आणि तुमच्या पालकत्वाखाली. त्यात घरखर्चाचा एक रुपया मिसळू देऊ नका. स्पर्धा संपली की आठवड्याच्या आत प्रत्येक देणाऱ्याला मुलीने स्वतः लिहिलेलं पत्र गेलं पाहिजे: किती लढती झाल्या, निकाल काय, पैसे कुठे गेले, पुढे काय. हरली तरी. हरली तर नक्कीच. आपल्याकडे पदक मिळालं की फोटो जातो आणि हरलं की सगळे गप्प होतात. देणाऱ्याला वाटतं की पैसे घेऊन विसरले. माझ्या पाहण्यात दुसऱ्या वर्षी मदत बंद होण्याचं सगळ्यांत मोठं कारण हे मौन आहे, पराभव नाही. इचलकरंजीचे एक यंत्रमागवाले माझ्या एका विद्यार्थिनीला वर्षानुवर्षं मदत करत राहिले. तिला राष्ट्रीय पदक फार उशिरा मिळालं, पण तिची पत्रं त्यांच्या टेबलाच्या काचेखाली असायची.

सध्या तुम्ही एवढं करा. प्रशिक्षकांकडून अडीच लाखांचा लेखी तपशील घ्या: विमान, व्हिसा, हॉटेल, प्रवेश फी, प्रशिक्षकांचा खर्च, प्रत्येक रक्कम वेगळी. चांगला प्रशिक्षक यावर रागावत नाही. त्यात प्रशिक्षकांचा खर्च तुमच्या एकट्यावर येतोय की सगळ्या मुलांमध्ये वाटलाय, हे नीट बघा. तो तपशील आणि स्पर्धेचं नाव इथे टाकलंत तर मी वाचून सांगेन. आणि स्पर्धा ठरो न ठरो, मुलीचा पासपोर्ट या महिन्यात काढायला द्या. 15 वर्षं पूर्ण झालेल्या मुलांना 10 वर्षं मुदतीचा पासपोर्ट 1500 रुपयांत मिळतो. निवड झाल्यावर तत्काळसाठी पळण्यापेक्षा तो कपाटात तयार असलेला बरा.